वाऱ्याचा वेग मोजणारी यंत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाऱ्याच्या वेगाचा आकडा रोज कुठे ना कुठे समोर येतो. हवामानाच्या बातम्यांत, मोबाईलवर, द्राक्षबागेत फवारणीच्या सल्ल्यात, पवनचक्कीच्या करारात. तो आकडा कसा तयार होतो आणि त्यावर कितपत विसंबावं, याबद्दलच्या प्रश्नांची ही उत्तरं आहेत. साध्या गोष्टी थोडक्यात सांगितल्या आहेत. जिथे गफलत झाली की पैशाचं किंवा जिवाचं नुकसान होतं, तिथे सविस्तर लिहिलं आहे.

वारा दिसत नाही, हातात धरता येत नाही. मग यंत्र नेमकं काय मोजतं?

वाऱ्याने घडवलेला एखादा परिणाम. वाट्यांचं यंत्र फेऱ्या मोजतं. विमानाची नळी दाब मोजते. तापलेल्या तारेचं यंत्र तार किती उष्णता गमावते ते मोजतं, आणि ध्वनीवर चालणारं यंत्र चक्क वेळ मोजतं. या मोजलेल्या गोष्टीवरून वेग गणिताने काढला जातो. त्या गणितात काही गृहीतकं असतात आणि ती मोडली की आकडा चुकतो, यंत्र धडधाकट असलं तरी. म्हणून कुठलाही आकडा वाचताना तीन गोष्टी विचाराव्यात: तो कशावरून काढला, किती उंचीवर, आणि किती वेळाच्या सरासरीने. पुढची बहुतेक उत्तरं या तीन गोष्टींभोवतीच फिरतात.

वाट्यांवर वारा कुठूनही आला तरी त्या एकाच दिशेने कशा फिरतात?

वाटीची पोकळ बाजू वाऱ्याला अडवते, फुगीर बाजू त्याला निसटू देते. त्याच वेगाच्या वाऱ्यात अर्धगोल वाटीच्या पोकळ बाजूवर पडणारा जोर फुगीर बाजूवरच्या जोराच्या तिपटीहून जास्त असतो. वारा कुठल्याही दिशेने येवो, एका बाजूच्या वाटीचं पोकळ तोंड त्याच्यासमोर असतं आणि पलीकडच्या वाटीची पाठ. जोरातल्या या फरकामुळे दांडा फिरतो. यंत्राला वाऱ्याकडे वळावं लागत नाही, हे त्याचं मोठं बलस्थान.

आयर्लंडमधल्या आर्मा वेधशाळेचे थॉमस रॉमनी रॉबिन्सन यांनी १८४६ साली हे यंत्र मांडलं. त्याला चार वाट्या होत्या. कॅनडाचे जॉन पॅटरसन यांनी १९२६ मध्ये तीन वाट्यांची रचना पुढे आणली. तीन वाट्यांमध्ये फिरवणारा जोर फेरीभर जास्त एकसारखा राहतो आणि झुळकीला प्रतिसादही चटकन मिळतो. आज दिसणारी बहुतेक यंत्रं तीन वाट्यांची आहेत ती यामुळे.

म्हणजे वाट्या वाऱ्याच्याच वेगाने फिरतात?

नाही. एक वाटी वाऱ्याबरोबर पुढे जात असते तेव्हा दुसरी वाऱ्याविरुद्ध परत येत असते. या ओढाताणीत वाट्यांचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या साधारण तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत कुठेतरी स्थिरावतो.

रॉबिन्सन यांची समजूत अशी होती की वाटी लहान असो वा मोठी, दांडी आखूड असो वा लांब, वाऱ्याचा वेग वाटीच्या वेगाच्या तिप्पटच असतो. ती खरी नव्हती. हा गुणांक वाटीच्या आणि दांडीच्या मापांवर ठरतो आणि पुष्कळ यंत्रांत तो तीनपेक्षा बराच कमी निघतो. पण तीनचा गुणांक धरूनच दीर्घकाळ नोंदी झाल्या आणि वारा होता त्याहून जोरदार लिहिला गेला. जुन्या नोंदींवरून ‘पूर्वी वारे जास्त जोराचे होते’ असा निष्कर्ष काढणाऱ्यांनी आधी त्या काळचा गुणांक तपासावा, असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

आणखी एक खोड आहे. झुळूक आली की वाट्या पटकन वेग घेतात, पण वारा पडला की तितक्या पटकन मंदावत नाहीत. त्यामुळे झोतांनी वाहणाऱ्या वाऱ्यात सरासरी थोडी जास्त दिसते. वाट्या जितक्या हलक्या तितका हा दोष कमी.

फेऱ्यांचा आकडा कसा होतो?

दांड्यावर एक लहान चुंबक असतो. प्रत्येक फेरीला तो एक स्विच मिटवतो, किंवा छिद्रांची चकती प्रकाशाचा किरण तोडते. दर सेकंदाला येणारे ठोके मोजायचे, यंत्राच्या गुणांकाने गुणायचे आणि त्यात एक छोटी संख्या मिळवायची. ती संख्या घर्षणाची भरपाई असते, कारण वारा अगदी मंद असताना वाट्या हलतच नाहीत. चांगलं यंत्र सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आत फिरू लागतं.

दिशा कोण सांगतं? आणि ‘पश्चिमेचा वारा’ म्हणजे पश्चिमेकडे जाणारा की पश्चिमेकडून येणारा?

पश्चिमेकडून येणारा. दिशा सांगतो वातकुक्कुट. त्याचं शेपूट रुंद असतं, म्हणून वारा शेपटाला ढकलून आपल्या मागे नेतो आणि टोक वाऱ्याच्या उगमाकडे वळतं.

नोंदी एक्सेलमध्ये भरणाऱ्यांसाठी एक सूचना. दिशांची सरासरी साध्या बेरजेने काढू नका. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही जवळजवळ उत्तरेचे वारे. त्यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे थेट दक्षिण. प्रत्येक नोंदीचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण असे दोन घटक करायचे, त्यांची सरासरी काढायची आणि त्यावरून पुन्हा दिशा काढायची. शेतातल्या हवामान केंद्रांच्या नोंदींत ही चूक फार सापडते.

विमानाला बाहेर वाट्या दिसत नाहीत. मग वैमानिकाला वेग कसा कळतो?

विमानाच्या नाकाजवळ किंवा पंखाखाली पुढे तोंड केलेली एक बारीक नळी असते, पिटो नळी. फ्रान्सच्या आंरी पितो यांनी १७३२ मध्ये सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजण्यासाठी ती वापरली. समोरून येणारी हवा नळीच्या तोंडाशी थांबते आणि थांबताना दाब वाढवते. दुसरीकडे विमानाच्या अंगावर बाजूला असलेली छिद्रं आसपासच्या हवेचा नुसता दाब टिपतात. दोन्ही दाबांतला फरक वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात आणि हवेच्या घनतेच्या प्रमाणात असतो. वेग दुप्पट झाला तर फरक चौपट.

जमिनीलगत सेकंदाला १० मीटर वाऱ्याने होणारा फरक सुमारे ६० पास्कल, म्हणजे पाण्याच्या नळीत जेमतेम ६ मिलिमीटर चढ. वेग १ मीटरवर आला की तो अर्ध्या पास्कलच्या आसपास उरतो. म्हणून ही नळी जोरदार प्रवाहात उत्तम आणि मंद हवेत जवळपास निरुपयोगी.

घनतेचा मुद्दा महत्त्वाचा आहे. अकरा किलोमीटर उंचीवर हवेची घनता समुद्रसपाटीच्या तिसऱ्या हिश्शाहून थोडीच कमी-जास्त असते. तिथे विमान हवेतून तासाला ९०० किमी वेगाने जात असलं तरी तबकडीवर सुमारे ५०० दिसतात. हा यंत्राचा दोष नाही. पंखांना उचलणारा जोरही त्याच दाबावर अवलंबून असतो, म्हणून विमान तोलून धरण्यासाठी वैमानिकाला तबकडीवरचा वेगच लागतो. वाट चालण्याचा हिशेब मांडताना मात्र खरा वेग घ्यावा लागतो, आणि जमिनीवरचा वेग हवा असेल तर त्यात वाऱ्याची बेरीज-वजाबाकी करावी लागते.

ती नळी बुजली तर?

तर विमान कितीही आधुनिक असलं तरी संकटात येतं. रिओ द जनेरोहून पॅरिसला निघालेल्या एअर फ्रान्सच्या ४४७ क्रमांकाच्या विमानात १ जून २००९ रोजी अटलांटिकवर बर्फाच्या कणांनी पिटो नळ्या काही काळ बुजल्या. वेगाचे आकडे एकमेकांशी जुळेनात, स्वयंचलित नियंत्रण सुटलं, आणि पुढच्या गोंधळात वैमानिकांनी नाक वर ठेवल्यामुळे विमान कोसळलं. २२८ जण गेले. नळ्या काही काळातच पूर्ववत झाल्या होत्या.

फेब्रुवारी १९९६ मध्ये डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्याजवळ कोसळलेल्या बर्गनएअरच्या विमानाबाबत नळी बुजल्याचा निष्कर्ष निघाला, आणि संशय होता मातीची घरं करणाऱ्या गांधीलमाशीवर. ते विमान त्याआधी बरेच दिवस जमिनीवर उभं होतं आणि नळ्यांवर टोप्या नव्हत्या. उभ्या विमानाच्या नळ्यांवर लाल पट्टी लोंबणारी टोपी दिसते ती याच कारणासाठी. उड्डाणापूर्वी ती आठवणीने काढावी लागते, आणि उतरल्यावर तितक्याच आठवणीने घालावी लागते.

वेधशाळेत पिटो नळी वापरतात का?

वापरत होते, आणि त्यामागे एक पूल पडल्याची गोष्ट आहे. २८ डिसेंबर १८७९ च्या वादळी रात्री स्कॉटलंडमधला टे नदीवरचा रेल्वेपूल गाडीसकट कोसळला. गाडीतलं कोणीही वाचलं नाही. वाऱ्याचा बांधकामावर पडणारा जोर नीट मोजलेलाच नाही, हे त्यानंतर प्रकर्षाने पुढे आलं. विल्यम हेन्री डाइन्स यांनी या प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं आणि १८९२ साली दाबनळीचं स्वतःचं यंत्र तयार केलं. नळी वातकुक्कुटावर बसवलेली असल्याने तिचं तोंड आपोआप वाऱ्याकडे वळे, आणि खाली पाण्यात तरंगणारा भाग वर-खाली होत कागदावर रेघ काढी. त्यामुळे फक्त सरासरी नाही, एकेक झोत कागदावर उमटू लागला. भारतीय हवामान खात्याच्या वेधशाळांमध्येही ही यंत्रं दीर्घकाळ होती.

एसीच्या झडपेतली किंवा औषध कारखान्यातली मंद हवा कशाने मोजतात?

तापलेल्या तारेने. बशीतल्या चहावर फुंकर जोरात घातली की तो लवकर निवतो, तेच तत्त्व. टंगस्टन किंवा प्लॅटिनमची तार विजेने तापवतात. हवा ती थंड करू पाहते, आणि तापमान स्थिर राखायला जास्त वीज द्यावी लागते. किती जास्त, त्यावरून वेग. या नात्याचं गणित लुई किंग यांनी १९१४ मध्ये मांडलं. उष्णता वेगाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात जाते, त्यामुळे वेग जितका कमी तितकं यंत्र तीक्ष्ण. पिटो नळी जिथे थकते तिथे ही तार उत्तम चालते.

प्रयोगशाळेतली तार अनेकदा फक्त ५ मायक्रॉन जाडीची असते, माणसाच्या केसाच्या दहाव्या हिश्शाहून बारीक. ती इतकी हलकी असते की सेकंदात हजारो वेळा होणारी हवेची थरथरही टिपते. कारखान्यात वापरायचं यंत्र जाड आणि दणकट असतं. गोव्यातल्या वेर्ण्यासारख्या औद्योगिक वसाहतीतल्या औषध कारखान्यांत इंजेक्शन भरण्याच्या जागी निर्जंतुक हवेचा एकसारखा झोत हवा असतो, आणि युरोपच्या नियमांत त्यासाठी सेकंदाला ०.३६ ते ०.५४ मीटर ही मार्गदर्शक मर्यादा आहे. तिथे वाट्यांचं यंत्र जेमतेम हलेल किंवा नुसतं उभं राहील. तारेवर धूळ बसली की ती उष्णता कमी सोडते आणि वेग कमी दिसतो, म्हणून ती साफ ठेवावी लागते.

काहीच न फिरणारी, तीन-चार बोटं वर आलेली यंत्रं कुठली?

ती ध्वनीची. एका टोकाकडून कानाला न ऐकू येणारा आवाज सोडायचा आणि दुसऱ्या टोकाला पोचायला किती वेळ लागला ते मोजायचं. मग उलट दिशेने तसंच. वारा पाठीशी असेल तर आवाज लवकर पोचतो, समोरून असेल तर उशिरा. टोकांमध्ये १५ सेंटिमीटर अंतर आणि सेकंदाला १० मीटर वारा असेल, तर दोन वेळांतला फरक सुमारे २६ मायक्रोसेकंद येतो. एक मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग.

मला या यंत्राचं सर्वात आवडतं ते त्याचं गणित. ध्वनीचा वेग तापमानाने बदलतो, पण जाता-येताच्या वेळांचे व्यस्त घेऊन वजाबाकी केली की तो गणितातून निघूनच जातो, वारा तेवढा उरतो. त्याच व्यस्तांची बेरीज केली तर हवेचं तापमानही मिळतं. घर्षण नाही, बेअरिंग नाही, झुळूक सरल्यावर उगाच फिरत राहणं नाही. टोकांवर पावसाचा थेंब अडकला, कोळ्याने जाळं विणलं किंवा पक्षी बसला की मात्र आकडे भरकटतात. म्हणून पुष्कळ यंत्रांवर पक्षी बसू नयेत म्हणून काटे लावलेले असतात.

चक्रीवादळाच्या बातम्यांत एकाच वादळाचे वेगवेगळे आकडे का येतात?

कारण सरासरीचा काळ वेगळा असतो, आणि बातमीत तो क्वचितच सांगितला जातो. जागतिक हवामान संघटनेचा प्रमाण काळ १० मिनिटांचा. भारतीय हवामान खातं चक्रीवादळासाठी ३ मिनिटांची सरासरी घेतं. अमेरिकेतल्या संस्था १ मिनिटाची. काळ जितका लहान तितका सर्वोच्च आकडा मोठा. समुद्रावर एक मिनिटाचा आकडा दहा मिनिटांच्या आकड्यापेक्षा साधारण ७ टक्क्यांनी जास्त भरतो. झोताचा आकडा त्याहूनही मोठा असतो, कारण तो ३ सेकंदांचा.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आलं तेव्हा खात्याने सातत्याचा वेग तासाला ११० ते १२० किमी आणि झोत १३० पर्यंत असं सांगितलं. १७ मे २०२१ ला तौक्ते मुंबईजवळून गेलं तेव्हा कुलाब्याला तासाला ११४ किमीची नोंद झाली, तीही झोताची. वादळ समुद्रात होतं, मुंबईवर आदळलंही नव्हतं. ‘तौक्ते ११४ आणि निसर्ग ११० ते १२०, म्हणजे दोन्ही वादळं सारखीच’ असं म्हणणं म्हणूनच चूक आहे. एक आकडा एका ठिकाणच्या क्षणिक झोताचा, दुसरा वादळाच्या गाभ्याजवळच्या सातत्याच्या वाऱ्याचा. कौलं उडवतो तो झोत, समुद्राचं पाणी आत ढकलतो तो सातत्याचा वारा. दोन्ही आकडे आपापल्या जागी मोलाचे आहेत, पण एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

गच्चीवर लावलेलं यंत्र वेधशाळेशी का जुळत नाही?

वेधशाळेचं यंत्र मोकळ्या जागी १० मीटर उंचीवर असतं, आणि आजूबाजूच्या अडथळ्यापासून त्या अडथळ्याच्या उंचीच्या किमान दहापट दूर. जमिनीच्या घर्षणाने वारा मंदावतो, म्हणून उंचीबरोबर वेग वाढतो. गवताळ मोकळ्या जमिनीवर २ मीटरवरचा वेग १० मीटरवरच्या सुमारे तीन चतुर्थांश असतो. पिकाच्या पाण्याचा हिशेब करणाऱ्या सूत्रांना २ मीटरचा वेग लागतो. बातमीतला आकडा तसाच घातला तर पिकाची गरज फुगून येते.

गच्चीवर प्रश्न वेगळा असतो. इमारतीला धडकून वारा वर उसळतो, कडेला वेग घेतो, पाण्याच्या टाकीमागे भोवरे घालतो. तिथे मोजलेला आकडा त्या गच्चीपुरता खरा असतो, गावाचा नाही.

मोबाईलवरच्या वाऱ्याच्या आकड्याला यंत्र असतं का?

बहुधा नाही. तो संगणकी प्रारूपातून, काही किलोमीटरच्या चौकोनासाठी काढलेला अंदाज असतो. तुमच्या बांधावर उसाचं शेत आहे की माळ, हे त्याला ठाऊक नसतं.

पवनचक्कीवाले वाऱ्याच्या मोजणीसाठी इतका खर्च का करतात?

कारण वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात असते. मोजणीत १० टक्के जास्त वेग दिसला तर शक्तीचा अंदाज ३३ टक्क्यांनी चुकतो. साताऱ्याच्या चाळकेवाडी, वनकुसवडे पठारावर किंवा धुळ्याच्या ब्राह्मणवेलला चक्क्या उभारायच्या तर कर्ज, करार आणि दर सगळं त्या अंदाजावर उभं असतं. म्हणून उंच मनोरे उभारून वर्ष-वर्ष नोंद घेतात. वर्षापेक्षा कमी नोंद घेऊन भागत नाही. आपल्याकडे वाऱ्याचा मोठा हिस्सा जून ते सप्टेंबरात, मोसमी वाऱ्यात येतो, आणि हिवाळ्यातल्या आकड्यांवरून त्याचा पत्ता लागत नाही.

मनोऱ्याची सावलीही विचारात घ्यावी लागते. वाटी मनोऱ्याच्या आड गेली की वारा कमी दिसतो, म्हणून यंत्र लांब आडव्या दांडीवर बसवतात. चक्कीच्या डोक्यावरही एक यंत्र असतं, पण ते पात्यांच्या मागे असल्याने त्याला पात्यांतून गेलेला, विस्कटलेला वारा मिळतो. चक्की सुरू-बंद करायला ते पुरतं. तेवढ्यावरून वाऱ्याची प्रत ठरवू नये.

यंत्र बिघडलंय हे कसं ओळखायचं?

वाट्यांचं यंत्र बहुधा एकदम बंद पडत नाही, हळूहळू कमी दाखवू लागतं, आणि हीच त्याची धोकादायक गोष्ट. बेअरिंगमध्ये धूळ जाते. कोकणात खारी हवा तेच काम लवकर उरकते. नवीन यंत्र बंद खोलीत हाताने फिरवून थांबायला किती सेकंद लागतात ते लिहून ठेवा. दर पावसाळ्यानंतर पुन्हा पाहा. वेळ बराच कमी झाला असेल तर बेअरिंग गेलं. वाटीला चीर किंवा पोचा असेल तर गुणांकच बदलतो, तिथे तेल घालून उपयोग नाही. पक्की तपासणी वातबोगद्यात, म्हणजे ठरावीक वेगाने हवा सोडणाऱ्या बंदिस्त मार्गात होते. हवामान खात्याचं उपकरणांचं काम पुण्यातून चालतं, आणि पवनऊर्जेच्या यंत्रांसाठी चेन्नईची राष्ट्रीय पवन ऊर्जा संस्था आहे.

यंत्र नसेल तर?

फ्रान्सिस ब्यूफोर्ट यांनी १८०५ मध्ये जहाजाच्या शिडांवरून वाऱ्याची श्रेणी ठरवली. जमिनीवर तिची खूण अशी: पानं सतत हलतात आणि लहान झेंडा फडकतो तेव्हा तासाला १२ ते १९ किमी. धूळ आणि कागद उडू लागले की २० ते २८. तारा शिट्टी घालतात आणि छत्री सांभाळता येत नाही तेव्हा ३९ ते ४९. झाडांच्या डहाळ्या मोडतात, वाऱ्यासमोर चालणं अवघड होतं तेव्हा ६२ ते ७४. हे सरासरीचे आकडे आहेत, झोताचे नाहीत. फवारणी करणाऱ्याने धूळ उडू लागण्याच्या बऱ्याच आधी पंप बंद करावा. अगदी निवांत संध्याकाळही टाळावी, कारण तेव्हा बारीक थेंब जमिनीलगत तरंगत राहून भलतीकडे जातात.

आजवर मोजलेला सर्वात जोरदार वारा कुठला?

वावटळ (टॉर्नेडो) सोडून, जमिनीलगत मोजलेला झोत तासाला ४०८ किमीचा. १० एप्रिल १९९६ रोजी ऑलिव्हिया चक्रीवादळात ऑस्ट्रेलियाच्या बॅरो बेटावर. तो टिपला तीन वाट्यांच्या दणकट यंत्राने, १० मीटर उंचीवर. जागतिक हवामान संघटनेने बरीच तपासणी करून २०१० मध्ये तो मान्य केला. त्याआधीचा विक्रम अमेरिकेतल्या माउंट वॉशिंग्टनचा, १९३४ सालचा ३७२ किमी. तिथे बर्फ साचू नये म्हणून यंत्रच तापवलेलं होतं.

शाळेत मुलांना खरंखुरं यंत्र करता येईल का?

नक्की येईल, आणि करावंच. चार कागदी पेले, दोन आडव्या काड्या, मधे खिळा किंवा जुनं बेअरिंग. एका पेल्याला लाल रंग द्या म्हणजे फेऱ्या मोजता येतील. खरी गंमत आकडे जुळवण्यात आहे. वारा नसलेल्या पहाटे, मोकळ्या रस्त्यावर मोठ्या माणसाने गाडी चालवावी आणि मागे बसलेल्याने यंत्र बाजूला, अंगापासून दूर धरावं. तासाला १०, १५, २० किमी अशा स्थिर वेगांवर अर्ध्या मिनिटाच्या फेऱ्या मोजा. प्रत्येक वेग जाताना आणि येताना, दोन्ही वेळा मोजून सरासरी घ्या, म्हणजे असलेला थोडाफार वाराही वजा होतो. आलेख कागदावर काढला तर बिंदू जवळजवळ सरळ रेषेत येतात. ती रेषा शून्यातून जात नाही. वाट्या हलायला लागण्याआधी किती वारा वाया जातो, ते तिथे थेट वाचता येतं.